साहेबाचं काम

अच्युत खांबेटे इंग्रजीत दोनदा नापास,
तरी चाळीस वर्षं इंग्रज.
घारे डोळे, ऊन लागलं की लाल होणारं नाक,
सहा फुटाला दोन बोटं कमी.
सदाशिव पेठेत असे पुष्कळ मिळतात,
पण बुटांत ताठ उभं राहणं
जमलं ते यांनाच.

मी रंगवायचो. म्हणजे इतरांना.
यांच्यासमोर डबा उघडून नुसता बसायचो.
"सोपानराव, मिशी तेवढी पिवळट करा,
बाकी देवानं केलंय."

भरत नाट्यला पहिला कलेक्टर.
वाक्यं चार, चारही 'टुम'पासून सुरू.
मग मॅजिस्ट्रेट, रेसिडेंट, प्लेगचा गोरा डॉक्टर,
एका बालनाट्यात सांताक्लॉज,
तोही साहेबातच धरला.
टोपी जुन्या बाजारातली, बुधवारी घेतलेली.
आत पुसट शाईत कुणाचं तरी नाव होतं,
ते त्यांनी कधी धुऊ दिलं नाही.

दिवसा टेलिफोन खात्यात, तक्रारींच्या टेबलाला.
तिथं मराठी अशी बोलायचे
की फोन दुरुस्त झाल्यावरही
माणसं तक्रार करायची, उगीच.

मग टीव्ही आला.
दर मंगळवारी साडेसातला
खांबेटे कुणाला तरी फाशी देऊ लागले.
तेरा भागांत सात पोरं.
सातव्यानंतर मंडईत मेथीवालीनं
जुडी पिशवीतून परत काढून घेतली,
"तुला न्हाई द्यायची."
हे ते हसत सांगायचे.
वहिनी हसायच्या नाहीत.

एकदाच म्हणाले,
लकडी पुलावर स्कूटर बंद पडलेली, रात्रीचा एक,
"मला एक शिंपी करायचाय, सोपानराव.
म्हातारा. मापं घेता घेता
गिऱ्हाइकाशी बोलत राहणारा.
पान-दीड पान नुसतं बोलणं. आपलं."
मी प्लग पुसत होतो.
म्हटलं, मिळेल.
कुणी लिहिला नाही.

पुढं विलायतेहून खरी माणसं आली.
खडकीत जुना बंगला धरला,
टँकर आणून हिरवळ भिजवली.
खांबेटे परीटघडीच्या सुटात,
टोपी काखेत.
दिग्दर्शक पोरगी, असेल तिशीची,
मान वाकडी करून बघत राहिली,
छान हसली,
आणि यादीत लिहिलं:
हेडक्लार्क. देशी.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रंग लावला.
तपकिरी. कपाळ, मान,
कानांमागे, बोटांच्या पेरांत.
इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं
डाव्या भुवईत खोक आहे ते.
आरशात बराच वेळ बघून म्हणाले,
"आमचे अण्णा."
अण्णा इथंच, दारूगोळ्याच्या कारखान्यात,
कारकून म्हणून लागले
आणि कारकून म्हणूनच सुटले.

फाइल घेऊन टेबलाशी गेले.
खुर्चीत खरा साहेब, कोवळा, घामाघूम,
त्याला वाक्य आठवेना.
यांचं वाक्य: "येस सर."
बारा वेळा घेतलं.
बारा वेळा म्हणाले, बारा तऱ्हांनी.
शेवटच्या खेपेला लाइटवाला पोऱ्या
शिडीवरून खाली बघायला लागला.
पडद्यावर फक्त हात आहे, फाइल ठेवणारा.
त्यांचा हात, माझा रंग.

आता कोथरूड, तिसरा मजला, मोतीबिंदू.
रविवारी मी दाढी करायला जातो.
पैसे घेत नाही, ते देतात,
त्यात पाच मिनिटं जातात.
टोपीत वहिनी कढीपत्ता वाळवतात.
वस्तरा गळ्याशी आला की
आतून कुठून तरी कलेक्टर बोलतो,
"टुमारा हाट काँपटा है, सोपान."
कापतो खरा.

कधी कधी मात्र साबण पुसताना
माझी बाही दोन बोटांत धरतात,
चाचपत खांद्यापर्यंत येतात.
"काखेत दाटतंय का हो?"
मी म्हणतो, थोडं.
मग बोलत राहतात,
वहिनी चहा आणेपर्यंत.